पेवातली नावं

महंमदचाचा जमिनीवर फारसं बोलत नसत. बोलायचे ते जमिनीखाली.

सांगलीला लागून असलेल्या हरिपुरात हळदीची पेवं आहेत, हे आता सांगलीतल्याच पोरांना सांगावं लागतं. पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेलं कोठार. तोंड एवढंसं, की सडपातळ माणूस कसाबसा आत जाईल, आणि पोट असं, की ट्रकभर हळद गडप होईल. आतून चारी बाजूंनी गवत आणि उसाचं पाचट लावायचं, हळद भरायची, तोंडावर फरशी ठेवून माती लोटायची. वर्षानुवर्षं कीड लागत नाही, कारण आत किड्याला जगायला हवाच उरत नाही. माणसालाही उरत नाही, म्हणून पेव भरणं सोपं आणि उघडणं जिवावरचं. माझ्या वडिलांची, आप्पांची, मार्केट यार्डात हळदीची अडत होती आणि हरिपुरात तीन पेवं होती. त्या तिन्हींत जन्मभर जो माणूस उतरला तो महंमदचाचा.

ते मूळचे म्हसवडकडचे. बहात्तरच्या दुष्काळात मिसरूड फुटायच्या वयात कामाच्या शोधात सांगलीला आले आणि यार्डात हमालीला उभे राहिले. अंगात पोतं उचलायची ताकद नव्हती. सगळे हसत होते. नाथाजी तेवढे हसले नाहीत. नाथाजी हरिपूरचे, पेवातल्या कामाचे उस्ताद. त्यांनी या काडीसारख्या पोराला वरून खालून न्याहाळलं आणि म्हणाले, "ह्यो भोकातनं जातोय बघा." तेवढ्या एका वाक्यावर चाचांना पोटाला भाकरी आणि जन्माला धंदा मिळाला. ही गोष्ट चाचांनी मला निदान शंभर वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी 'भोकातनं' म्हणताना ते हसायचे.

नाथाजींनी त्यांना पहिल्यांदा काय शिकवलं असेल? हळद उपसणं नाही, दोर बांधणं नाही. नावं पाठ करून घेतली.

त्याचं असं आहे. पेवातली हवा वाईट झाली की माणसाला समजत नाही. तो ओरडत नाही. आधी डोकं गोंधळतं, मग गोड झोप लागते आणि मग संपलंच. कंदील सोबत असतो, तो विझला की वर पळायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण कंदील ठेवलेला असतो एका कोपऱ्यात, आणि फावडं दुसऱ्याच कोपऱ्यातली दबलेली हवा मोकळी करतं. वरच्या माणसाला खालचं नीट दिसत नाही. त्याला फक्त ऐकू येतं. म्हणून खालच्याने सतत बोलत राहायचं. आता गाणं काय, शिव्या काय, माणूस अर्धवट झोपेतही देतो. क्रमानं काही सांगायचं तर डोकं जागेवर लागतं. म्हणून या लोकांनी, फार पूर्वी कधीतरी, आपल्याआधी पेवात उतरलेल्यांची नावं घ्यायची रीत पाडली. सगळ्यात जुनं नाव आधी, मग त्याचा शागीर्द, मग त्याचा, असं करत शेवटी स्वतःचं. प्रत्येक नावाला वरच्याने 'व्हय' म्हणायचं. एक फेरी संपली की दुसरी. नाव चुकलं, राहिलं, दोनदा आलं, की वरच्याने काही न विचारता दोर ओढायचा. आणि ज्याचं नाव चुकलं त्याने त्या दिवशी पुन्हा उतरायचं नाही.

सुलाबाई, मल्हार, बाबालाल, धुळा, नाथाजी, महंमद.

ही नावं मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. लहानपणी आप्पांबरोबर हरिपूरला गेले की मी पेवाच्या तोंडाशी पोटावर पडून ऐकत असे. जमिनीच्या आतून, घागरीत तोंड घालून बोलावं तसा चाचांचा आवाज यायचा, "सुलाबाई," आणि वरून कोणीतरी म्हणायचं, "व्हय." ही सुलाबाई कोण, हे मी चाचांना एकदा विचारलं. त्यांनाही माहीत नव्हतं. नाथाजींनाही नव्हतं. पाचट कसं लावलं म्हणजे ओल शिरत नाही, हे पहिल्यांदा त्या बाईला समजलं होतं, एवढंच मागे राहिलं. कुठली, कोणाची, कशानं गेली, काही नाही. पण दर पेवाला तिचं नाव पहिलं. मोठ्या मोठ्या लोकांची नावं चौकाचौकात लिहिलेली असतात आणि कोणी मान वर करून वाचत नाही, हे पाहिलं की मला सुलाबाईचा हेवा वाटतो.

या नावांनी चाचांना एकदा वाचवलंही होतं. कामाला लागून थोडेच दिवस झाले होते. खालून त्यांनी बाबालालचं नाव दोनदा घेतलं. वर त्या वेळी नाथाजी एकटेच होते, दुसरा गडी चहाला गेलेला. नाथाजींनी त्याची वाट बघितली नाही. एकट्यानं दोर ओढला. चाचा वर आले तेव्हा ओठ काळेनिळे पडले होते. चाचा शुद्धीवर आल्यावर नाथाजींनी त्यांच्या एक थोबाडीत मारली आणि मग त्यांना पोटाशी धरून कितीतरी वेळ बसून राहिले. त्या ओढण्यात नाथाजींचा उजवा खांदा जो गेला तो गेलाच. पुढे त्यांचा हात कधी डोक्याच्या वर गेला नाही. तेव्हापासून उतरायचं सगळं काम चाचांकडे आलं, आणि तेव्हापासूनच चाचांनी एक नेम धरला. पेव उघडलं की पहिल्या बुट्टीतली, म्हणजे वर येणाऱ्या पहिल्या टोपलीतली, ओंजळभर हळद आपल्या टॉवेलात बांधायची आणि नाथाजींच्या घरी नेऊन द्यायची. नाथाजी गेल्यावर ती लीलाबाईंच्या, त्यांच्या बायकोच्या, हातात. आप्पा चेष्टेने म्हणायचे, "महंमद, माझी हळद आणि तुझी गुरुदक्षिणा." चाचा खाली बघून हसायचे. टॉवेल सोडायचे नाहीत.

दोन हजार एकोणीसच्या पुरात आमची दोन पेवं पाण्यानं भरली. आतली हळद कुजली. तो वास नाकातून जायला महिना लागला. उंचवट्यावरचं एकच पेव तगलं. पुढच्या वर्षी आप्पा गेले. भाऊ शंभूराज लष्करात, तो तिकडून फोनवर सल्ले देतो, आणि अडत मी सांभाळते. आजकाल सगळी हळद कोल्ड स्टोरेजला जाते. मध्ये एकदा दोन पोरं पेवाचा व्हिडिओ काढायला आली होती. एकाने मला पेवाच्या तोंडात पाय सोडून बसायला आणि हसायला सांगितलं. मी त्याला जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. असो. उरलेल्या पेवात आप्पांच्या हातची शेवटची हळद होती. जवळच कोणाच्या तरी प्लॉटचं खोदकाम सुरू झालं आणि पेवाच्या भिंतीला ओल धरेल अशी भीती वाटायला लागली. मी या उन्हाळ्यात ते उघडायचं ठरवलं.

चाचांना निरोप धाडला, तर त्यांच्याआधी त्यांचा मुलगा राहील दुकानात आला. राहील यार्डातच टेम्पो चालवतो. पस्तिशीचा, शांत, बापासारखाच बारीक. तो खुर्चीवर बसेना.

"अक्का, अब्बांना उतरू देऊ नगासा."

"का रे?"

"इसरत्यात. परवा च्यात दोनदा साखर घातली, ते जाऊ द्या, ते मी बी करतो. पर सांजच्याला दारात उभं ऱ्हात्यात आनि म्हन्त्यात, तुजी अम्मी बाजारातनं आली न्हाई अजून."

त्याची अम्मी, मदिनाबी, जाऊन तीन वर्षं झाली.

राहील म्हणाला, मी उतरतो, मला नावं येतात. पण तो कधी उतरला नव्हता. मदिनाबी असेपर्यंत तिने त्याला पेवाच्या आसपास फिरकू दिलं नव्हतं. आणि चाचांना 'तुम्ही नको' हे सांगायचं कोणी? मी त्यांच्या खांद्यावर बसून यार्ड बघितलेली पोर. मला ते 'राजी' म्हणतात, अजूनही. राहीलने माझ्याकडे पाहिलं आणि मी दुसरीकडे पाहिलं.

उघडायच्या दिवशी आम्ही सकाळी हरिपूरला पोचलो. आदल्या दिवशीच माती काढून, फरशी सरकवून तोंड मोकळं करून ठेवलं होतं. राहीलने डोक्याला बांधायची बॅटरी आणली होती. चाचांनी ती हातात घेऊन उलटसुलट बघितली आणि परत दिली.

"ही मेलेल्या मानसाच्या डोस्क्यावर बी जळत ऱ्हाईल," ते म्हणाले. "कंदील आन."

चाचा इतके ठीक दिसत होते, की मला राहीलचाच राग आला. तरी मी म्हणाले, "चाचा, एकदा नावं म्हणून दाखवा की."

ते माझ्याकडे बघत राहिले. "परीक्षा घेतीस व्हय माजी, राजी?"

"ऐकायचीत मला. लय दिवस झाले."

त्यांनी म्हणून दाखवली. सगळी, क्रमाने, शेवटी स्वतःचं. राहील म्हणाला, "अब्बा, आज मी उतरतो, तुमी वर बसा." चाचा कमरेला दोर बांधत म्हणाले, "उस्ताद आदी. मग शागीर्द." त्यावर बोलणं संपलं. मी थांबवू शकले असते. मालकीण मीच होते. पण त्या माणसाला त्याच्या पेवाच्या तोंडाशी उभं राहून 'तू आता नको' म्हणायला जी जीभ लागते, ती माझ्याकडे नव्हती.

भरलेलं पेव एकदम खोल नसतं. आधी गळ्याशीच हळद लागते. ती उपसत उपसत माणूस खाली खाली जातो. पहिली बुट्टी वर आली. चार वर्षं अंधारात बसलेली हळद, पण रंग असा की आप्पा हवे होते. चाचांनी सांगितल्याप्रमाणे तिच्यातली ओंजळ मी त्यांच्या टॉवेलात बांधून बाजूला ठेवली. यार्डातले दोन हमाल बुट्ट्या ओढत होते. चाचांच्या कमरेचा दोर राहीलच्या हातात होता आणि नावांना 'व्हय'ही तोच म्हणत होता. मी शेजारी बसून मनातल्या मनात दोघांच्याही आधी नाव घेत होते. सुलाबाई. व्हय. मल्हार. व्हय. ऊन चढलं. चाचा आता दोन पुरुष खोल होते, आवाज पुन्हा तोच, घागरीतला. मला वाटलं, मी उगाच घाबरले.

आणि मग एका फेरीत ते म्हणाले, "सुलाबाई."

"व्हय."

"मल्हार."

"व्हय."

"बाबालाल."

"व्हय."

"धुळा."

"व्हय."

"महंमद."

राहीलचा 'व्हय' तोंडातच राहिला. त्याने माझ्याकडे बघितलं. खालून फावड्याचा आवाज नेहमीसारखा येत होता. चाचांचा स्वर ठणठणीत होता, कुठे ओढलेला नाही, जड नाही. राहील हळूच म्हणाला, "हवंनं न्हाई अक्का. घरच्यासारकंच झालंय." मलाही तेच वाटलं. चारचौघांसमोर त्यांना वर ओढायचं, का, तर म्हातारपणी एक नाव राहिलं म्हणून? त्यांना काय वाटेल? पुढच्या फेरीत येईलच की. असं दोघांच्याही मनात आलं, आणि मला माहीत आहे, पेवात माणसं मरतात ती अशाच वेळी. खरंच हवा असली तर? आम्ही दोघं वर बसून अदबीने त्यांचा जीव घेतला असता.

"ओढ," मी म्हणाले.

राहीलने आणि हमालांनी मिळून ओढलं. खालून चाचांचा ओरडा आला, "का वढतायसा रं? कंदील जळतोय न्हवं?" ते वर आले तेव्हा अंगभर पिवळे झालेले, डोळे लख्ख, श्वास नीट. मी वाकून आत बघितलं. खाली कंदील शहाण्यासारखा जळत होता. हवा चांगली होती.

"का वढलं?" त्यांनी पुन्हा विचारलं.

हमाल बुट्टीकडे बघत राहिले. शेवटी मीच म्हणाले, "चाचा, एक नाव राहिलं."

"कुनाचं?"

त्यांनी डावा हात पुढे धरला आणि अंगठ्याने बोटं मोजायला लागले. सुलाबाई. मल्हार. बाबालाल. धुळा. चार बोटं झाली. मग अंगठा तसाच उभा राहिला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा अंगठ्याशी येऊन थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता तो गेला आणि तिथे भीती आली. पेवात जन्म काढलेल्या या माणसाला भ्यालेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ते अंगठ्याकडे असे बघत होते, जणू तो दुसऱ्याच कोणाचा आहे.

"नाथाजी, अब्बा," राहील म्हणाला.

चाचा मटकन खाली बसले. मग त्यांनी स्वतःच कमरेच्या दोराची गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना, तरी राहीलला हात लावू दिला नाही.

"जेचं नाव चुकलं त्यानं त्या दिशी उतरायचं न्हाई," ते म्हणाले. दोर त्यांनी राहीलच्या पायाशी ठेवला. "माजा त्यो दिस आता संपायचा न्हाई."

तिथे मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

काम तिथेच थांबलं. टॉवेलातली ओंजळ तेवढी पोचवायची होती. मी म्हणाले, मी देते. ते म्हणाले, नाही. लीलाबाईंचं घर पेवापासून हाकेवर, पण आम्हाला पोचायला फार वेळ लागला. चाचा मध्येच थांबायचे आणि ओठांतल्या ओठांत काही म्हणायचे. मला ऐकायची गरज नव्हती.

लीलाबाई ऐंशीच्या पुढच्या. दारातच शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांची जीभ साऱ्या हरिपुराला ठाऊक आहे. टॉवेल बघून त्यांनी पदर पुढे केला. चाचांनी हळद ओतली, पण नेहमीसारखे उंबऱ्याशी बसले नाहीत. उभेच राहिले.

"वैनी, आज मी त्येचं नाव इसरलो."

"कुनाचं?"

"नाथाजीचं. खाली असताना. वर आल्याव बी आठवंना." आणि मग या अबोल माणसाचा बांध फुटला. "जेनं मला वर वढलं, जेचा हात माज्यापायी गेला, त्येचंच. मल्हार ध्यानात ऱ्हायला, त्येला मी बघितलं बी न्हाई. आनि ह्येचं गेलं. मी काय मानूस हाय का, वैनी?"

लीलाबाईंनी पदरातली एक हळकुंडाची कांडी उचलली, नखाने खरवडून रंग बघितला. मला वाटलं, यांना ऐकू आलं नसावं.

"मग काय केलं ह्यांनी?" त्यांनी माझ्याकडे बोट करून विचारलं.

"वढलं वर," चाचा म्हणाले.

"लगी?"

"लगी."

"मग झालं की. ती नावं काय आरती हाय व्हय, चुकली म्हनून पाप लागाय? मानूस वर यावा म्हनून हुती ती." त्यांनी कांडी परत पदरात टाकली. "त्येचं नाव चुकलं, म्हनून तुला वढलं. पयल्या बारीला बी त्यानंच वढलं, आज बी. बस खाली. च्या टाकते."

चाचा बसले. टॉवेल तोंडाला लावून लहान पोरासारखे रडले. लीलाबाईंनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, आत जाऊन चुलीशी भांडी वाजवत राहिल्या. चहा फार गोड होता.

दुसऱ्या दिवशी राहील उतरला. वर कोण बसणार, हा प्रश्न होता. दोर धरायला हमाल होते, पण नावं ऐकायला नावं येणारा माणूस लागतो, आणि चाचा स्वतःहूनच म्हणाले, "माज्या कानाचा भरवसा धरू नगा. राजीला बसवा." मी बसले. अडत्याची पोर, बी.कॉम. झालेली, पेवाच्या तोंडाशी मांडी घालून. चाचा माझ्या शेजारी बसले. त्यांनी राहीलच्या कमरेची गाठ स्वतः बांधली, दोनदा ओढून बघितली आणि कंदीलही स्वतःच्या हातांनी पेटवून दिला. त्यात काही चुकलं नाही. हातांना सगळं आठवत होतं.

राहीलने सुरुवात केली. आवाज घाबरलेला होता.

"सुलाबाई."

"व्हय," मी म्हणाले.

"मल्हार."

"व्हय."

"बाबालाल."

"व्हय."

"धुळा."

"व्हय."

"नाथाजी."

"व्हय."

मग तो क्षणभर थांबला. माझा हात नकळत दोराकडे गेला.

"महंमद."

मी 'व्हय' म्हणणार तेवढ्यात शेजारून चाचाच बोलले. खाली पेवाकडे तोंड करून, बऱ्यापैकी मोठ्यानं.

"हाय रं. हितंच हाय."

खालून काहीच आलं नाही. मी दोर घट्ट धरला. मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि राहीलने त्याचं नाव सांगितलं. मी 'व्हय' म्हणाले. फावडं चालू झालं.

पहिली बुट्टी वर येत होती तेव्हा चाचा माझ्या कानाशी वाकले. हमालांना ऐकू जाऊ नये एवढ्या हळू आवाजात त्यांनी विचारलं, "राजी, माज्या आदी कुनाचं नाव घेतलं त्यानं?"

"नाथाजींचं."

"व्हय. नाथाजी," ते म्हणाले, आणि बुट्टी वर येईपर्यंत तेच एक नाव घेत राहिले.